टेबलावरचा बूट

पूर्व टोलेडोतल्या हंगेरियन वस्तीत ऑर्विल साबोला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि तो नेमकं काय काम करायचा हे धड सांगू शकणारा सापडणं त्याहून कठीण. एकतीस वर्षं तो आमच्या टोलेडो पायलट्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघासाठी चांगली पोरं हेरत कॉलेजांची मैदानं पालथी घालत होता. दर एप्रिलात ड्राफ्ट भरतो, म्हणजे कॉलेजातल्या पोरांची संघासंघांत वाटणी. गेल्या मोसमातला सगळ्यात रडका संघ पहिला पोरगा उचलतो, मग त्याच्याहून जरा कमी रडका, असं करत सगळे. आमचे पायलट्स या रांगेत कायम पुढे असायचे, यावरून काय ते समजा.

बाकीचे स्काऊट, म्हणजे त्याच्यासारखेच पोरं हेरणारे, वरच्या उबदार खोलीत कॉफी पीत सामना बघायचे. ऑर्विल गोलपोस्टामागे थंडीत उभा. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा कर्ता, प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू होतो. म्हणून सगळे बघायचे त्याचा हात, चेंडू किती लांब जातो ते. ऑर्विल पाय बघायचा. सव्वाशे किलोचा गडी अंगावर धावून येतोय, तेव्हा याचे पाय जमिनीला टेकून राहतात की थुईथुई नाचायला लागतात? सामना संपला की स्वारी कॉलेजच्या खानावळीत. तिथल्या बायकांना विचारायचा, "हरून आला की पोरगा ताट कसं परत करतो?" असल्या चौकशीला बाकीचे हसायचे. पण त्याने हेरलेली पोरं टिकायची, हे कुणाला नाकारता येत नव्हतं.

पायलट्सच्या ड्राफ्टच्या खोलीत एक रीत होती. एखाद्या पोरासाठी स्काऊटला जीव तोडून बोलायचं असेल, तर त्याने पायातला बूट काढून टेबलावर ठेवायचा. मग मालकापासून शिपायापर्यंत सगळ्यांनी तोंड मिटून ऐकायचं. मात्र तो पोरगा स्काऊटच्या चुकीने वाया गेला, तर स्काऊटने तोच बूट घालून चालू पडायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण दोघेजण तसे गेले होते.

ऑर्विलने बूट एकदाच काढला, त्र्याऐंशी साली, रॉइस केटरिंग नावाच्या क्वार्टरबॅकसाठी. पोरगा सोन्यासारखा होता. पण क्वार्टरबॅकच्या पुढे पाच जणांची फळी उभी असते, ती जेवढा वेळ तग धरेल तेवढाच त्याचा जीव. आमच्या फळीतले दोघं म्हातारे झाले होते आणि एकाचा गुडघा कामातून गेला होता. ऑर्विलला हे पक्कं माहीत होतं. तरी त्याला वाटलं, असा पोरगा पुन्हा मिळायचा नाही.

पहिल्याच मोसमात रॉइस एकसष्ट वेळा आडवा झाला. दोन वर्षांत त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. संघाचा कारभारी गस थॉर्नबर्ग वार्ताहरांना म्हणाला, "पोरगं भेदरट निघालं, दुसरं काय?" खापर पोराच्या डोक्यावर फुटलं आणि बुटाचा विषय कुणी काढला नाही. ऑर्विलनेही नाही. रॉइस फिंडले गावच्या शाळेत सुतारकाम शिकवायला गेला. इकडे टोलेडोत कुणी कच खाल्ली की लोक म्हणू लागले, याचा केटरिंग झाला.

सत्त्याण्णवच्या एप्रिलात पायलट्सची पाळी तिसरी होती, आणि इंडियानाचा कोल्बी रेनर हा क्वार्टरबॅक अजून शिल्लक होता. दुकानांच्या काचांवर त्याच्या नावाचे कागद लागले होते. फळी पुन्हा मोडकळीला आलेली. नाव सांगायला पंधरा मिनिटं मिळतात, त्यातली सहा सरली होती.

"रेनर," गस म्हणाला. "कुणाला काही म्हणायचंय?"

"मला," ऑर्विल म्हणाला. "रेनर नको. विस्कॉन्सिनचा तो आडदांड गडी घेऊ, फळीत उभा राहणारा. क्वार्टरबॅक पुढच्या साली बघू."

"अरे, रेनरला सगळ्यात वरचे गुण तूच दिलेस ना?"

"दिले. आजही देईन. पोरगा तयार आहे, गस. आपण तयार नाही."

"असा पोरगा दहा वर्षांत एकदा मिळतो."

"त्र्याऐंशीत मी हेच म्हणालो होतो."

"त्याचं सोड. तो केटरिंग मुळातच भेदरट होता."

आता मान डोलावली असती तरी चाललं असतं. दोन वर्षांनी निवृत्ती होती, हारतुरे होते, स्टेडियमच्या भिंतीवर नाव लागणार होतं. आणि रेनर नावाचं एकवीस वर्षांचं पोर पुढच्या दोन वर्षांत जमिनीत गाडलं जाणार होतं. ऑर्विलला हे दोन्ही स्वच्छ दिसत होतं.

"तो भेदरट नव्हता," तो म्हणाला. "एकसष्ट वेळा पडला आणि एकसष्ट वेळा उठला. फळी पोकळ आहे हे मला आधी ठाऊक होतं, तरी मी बूट ठेवला. पोरगा बरोबर होता. वर्ष चुकलं, आणि ते मी निवडलं होतं."



"काय बोलतोयस कळतंय ना, ऑर्व्ह?" गसने विचारलं.

"कळतंय."

"चौदा वर्षांनी?"

"उशीर झालाय, मान्य आहे."

गस वाईट माणूस नव्हता. त्याने दोन्ही हातांनी तोंड चोळलं, फोन उचलला आणि विस्कॉन्सिनच्या गड्याचं नाव सांगितलं. पुढच्या संघाने रेनरला लगेच उचललं. त्यांची फळी भक्कम होती. बाहेर जमलेल्या लोकांनी मात्र आमच्या कारभाऱ्यांचा उद्धार केला. खोलीतली गोष्ट कुणीतरी पेपरवाल्यांच्या कानात घातली आणि ऑर्विलचं बोलणं दुसऱ्या दिवशी शब्दन् शब्द छापून आलं. ऑर्विलने सोमवारी आपणहून टेबल रिकामं करून नोकरी सोडली. निरोपाचा केकसुद्धा झाला नाही. गावाने त्याला महिनाभर नावं ठेवली. मला मात्र एकतीस वर्षांत त्याने निवडलेल्या सगळ्या पोरांपेक्षा, त्याने न घेतलेल्या या एका पोराचा जास्त अभिमान वाटतो.

नोकरी सोडली त्याच आठवड्याच्या रविवारी दुपारी रॉइस केटरिंग त्याच्या दारात उभा राहिला. इर्माने, ऑर्विलच्या बायकोने, कोबीच्या पानात गुंडाळलेलं मांस नुकतंच चुलीवरून उतरवलं होतं. तिने न विचारता तिसरं ताट मांडलं. रॉइस अंगातल्या कोटासकट खुर्चीच्या कडेवर बसला.

"पेपर वाचला, मिस्टर साबो."

"हं."

"मी दरवर्षी वर्गात पोरांना सांगतो, घाबरलात तर माझ्यासारखे व्हाल. मला खरंच वाटायचं, मी घाबरलो होतो."

"नव्हतास. प्रत्येक सामन्यात मी तुझे पाय बघत होतो."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

सांगण्यासारख्या चार गोष्टी ऑर्विलजवळ होत्या. त्यातली एकच खरी होती.

"नोकरी गेली असती," तो म्हणाला.

रॉइस उठला. इर्माला वाटलं, चालला. पण त्याने कोटाची बटणं सोडवली. डावी बाही झटक्यात निघाली. उजवा हात काढायला त्याला फार वेळ लागला, आणि ऑर्विल तेवढा सगळा वेळ त्या हाताकडे बघत बसला.