तापाचे आठ दिवस

डॉक्टरांनी विचारलं, "ताप किती दिवसांपासून आहे?" मी म्हटलं, "तीन."

खोटं होतं. आमच्याकडे खरे दिवस कोणीच सांगत नाही. मागं एकदा सांगितले, तर भरल्या रांगेत अशी खरडपट्टी निघाली की बाया मान वळवून वळवून पाहत होत्या.

चार वर्षांची लेक मांडीवर होती. डोळे लाल, ओठ फुटलेले, जीभ लालबुंद, हातपाय सुजलेले. हातापायांचं तर मी हसण्यावारीच नेलं होतं. भाताच्या रोवणीत, बांधीच्या चिखलात, सगळ्यांचेच हातपाय लाल होतात. पोरगी चिखलात उतरतच नव्हती, कडेच्या धुऱ्यावर बसून असायची, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शहाणी मी!

"तीनच ना? मग औषध देतो, दोन दिवसांनी परत आणा."

सुटले एकदाची, म्हणून मी उठलेसुद्धा. दारापाशी सासू पिशवी धरून उभी होती. डॉक्टरसमोर ती कधी तोंड उघडत नाही.

"सून खोटं बोलून राहिली, साहेब. रोवणी लागली त्याच दिवशी पोरगी तापली. रोज एक बांधी रोवली, आज आठवी."

डॉक्टर रागावले नाहीत. मी पोरीला घेऊन परत खाली बसले. त्यांनी पोरीची मान चाचपली आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात फोन लावला. रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार दिसतो, म्हणाले. दहा दिवसांच्या आत औषध शिरेतून गेलं तर हृदयाच्या नसा बहुतेक वाचतात. उशीर झाला तर फुगू शकतात. आठ आणि दोन किती, हे मी नागपूरच्या गाडीत बसल्यावर मोजलं. मग ढसाढसा रडले.

"मला एकटीला सांगायचं होतं ना," मी सासूला म्हटलं.

"तुले शिव्या पडल्या असत्या तं पडल्या असत्या. रडू नको आता, पोरगी पाहून राहिली."

औषधाची बाटली त्याच दिवशी लागली. ताप उतरला. पुढे रोज एक छोटी गोळी, रक्त गोठू नये म्हणून.

दीड महिन्यानं हृदयाची सोनोग्राफी झाली. रिपोर्ट घेऊन आम्ही आमच्या डॉक्टरांकडे गेलो.

"गोळी रोज दिली?"

सासू माझ्याकडे बघत होती.

"दोनदा चुकली," मी म्हटलं.

मग मात्र ते रागावले. दार उघडं, बाहेर भरली रांग. मी उभ्यानं सगळं ऐकून घेतलं. नसा चांगल्या आहेत, हे त्यांनी शेवटी सांगितलं.

लेकीला कडेवर घेऊन बाहेर आले. रागावणं दोन मिनिटांत संपलं होतं. एवढ्याच्या भीतीनं मी हिचं काळीज पणाला लावलं होतं.