परराज्यातलं वाहतं पाणी

राज्यांची फेररचना झाली त्या दिवशी आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेलं आणि किनवट मुंबई राज्यात गेलं. तोवर दोन्ही एकाच जिल्ह्यात होती.

वडिलांचं दुकान आदिलाबादला, जन्मगाव किनवटजवळ, पैनगंगेच्या काठी. म्हणजे एका रात्रीत, झोपेतच, ते परदेशात जन्मलेले ठरले. त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांनी कधी तक्रार केली नाही. काही वर्षांनी अंथरुणावर पडल्या पडल्या एवढंच म्हणाले, "मला आपल्या नदीत सोडा. वाहत्या पाण्यात."

लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले, त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते वारले. वेळ साधणं त्यांना दुकानातही कधी जमलं नव्हतं.

काकांनी एका कापूस व्यापाऱ्याची जीप मागून आणली. परदेशी जाणारे लोक नवे कपडे शिवतात. आम्ही दोन कळशा पाणी घेतलं. अस्थींचं मडकं फडक्यानं तोंड बांधून माझ्या मांडीवर होतं.

सीमेवर नवा नाका होता. ज्वारी राज्याबाहेर न्यायला बंदी होती, त्यामुळे शिपायाचा डोळा थेट मडक्यावर गेला.

"इसमें क्या है? ज्वारी?"

"वडील आहेत," मी म्हणालो.

त्यानं मडकं उचलून कानाशी हलवून पाहिलं. आवाज ज्वारीसारखाच आला असावा, कारण त्यानं फडकं सोडायला लावलं. मग घाईनं मडकं परत देत म्हणाला, "ले जाओ. इसपे बंदी नहीं है." आमच्या जिल्ह्यातून बिनधास्त बाहेर नेता येईल असा एवढाच माल उरला होता.

परदेश पाहायची मला पुस्तकांमुळे हौस होती. पाहिला. धसकटं आमच्यासारखीच करपलेली, छपरांवरचं गवत जनावरांना घातल्यानं घरं बोडकी. सरकारांनी सगळं वाटून घेतलं होतं, दुष्काळ तेवढा सामाईक राहिला होता. जीप मात्र तीनदा तापली आणि आमच्या दोन्ही कळशा पिऊन गेली.

नदीत वाळू होती. मधोमध बायकांनी झिरा खणला होता आणि वाटीनं पाणी भरत रांगेनं बसल्या होत्या. त्यांत वडिलांची थोरली बहीण, आमची आत्या होती. तिनं मडकं पाहिलं, पदर डोळ्यांना लावला आणि पहिलं वाक्य टोमण्याचंच बोलली.

"आले का? मले वाटलं, तुमचं सरकार सोडते का नाई."

काका झिऱ्यात वाकून पाहत म्हणाले, "हे साचलेलं पाणी. यात अस्थी सोडत नाहीत. नांदेडला जाऊ, गोदावरीवर."

"अन् तिथं काय पूर आला हाय? जीप काय पिऊन जाईन, तुही अक्कल?" आत्या म्हणाली. "अन् झिऱ्यात टाकतो म्हनलं तं याच बाया तुले पुरतीन. वाह्यतं पाणी पायजे ना? मंग वाह्यवू."

तिनं टाचेनं उतारावर एक रेघ ओढली आणि आपली भरलेली घागर कडेवर घेतली.

"आत्याबाई, दिवसाचं पाणी हाय ते," तिची सून म्हणाली. "आज काय राख चाटाची का आमी?"

"माह्या वाट्याचं देऊन राह्यली. तुह्या बापाचं नाई."

तिनं घागर कलती केली. पाणी रेघेतून निघालं. मी मडकं रेघेवर उपडं केलं, तिनं दुसऱ्या हातानं त्याला आधार दिला. अस्थी हातभर अंतर वाहत गेल्या आणि वाळूनं पाणी पिऊन टाकलं. काकांनी शास्त्रात हे बसतं का ते विचारलं नाही. रांगेतल्या एका म्हातारीनं मात्र आपल्या वाटीतलं पाणी वरून सोडलं आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसली.

आता आत्या नाही, काका नाहीत. त्या गावात आमचं कुणी राहत नाही. वडील तिथल्या वाळूत आहेत.