हादऱ्याचा फॉर्म

बहात्तरच्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली असतील. राजूरच्या पुढं एका गावात मी प्राथमिक शिक्षक होतो. गाव माझंच. एप्रिल संपता संपता एका सकाळी जमीन हादरली. कुणी मेलं नाही, पण आठवड्यानं जीपमधून एक साहेब आले आणि फॉर्मांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून गेले. घरोघरी विचारून भरायचे. कुठली जमीन किती हलली ते त्यावरून कळणार, आणि उद्या मोठा भूकंप झालाच तर कुठं किती हलेल याचा अंदाज बांधता येणार.

गाव उंचावर, मुरमावर. आमची बौद्धांची वस्ती खाली, ओढ्याकाठच्या काळ्या मातीत. वर मुरमाकडं घरांसाठी जागा मिळावी म्हणून वस्तीनं अर्ज केलेला होता, आणि तालुक्याचे साहेब लोक त्यावर निर्णय द्यायला या फॉर्मांसाठीच थांबले होते.

प्रश्न असे : फळीवरची भांडी पडली का? घड्याळ बंद पडलं का? तसबिरी हलल्या का? गिलाव्याला तडा गेला का? वरच्या घरांत भराभर 'होय' मिळत गेलं. खाली फळीच नव्हती. भांडी चुलीपाशी जमिनीवर पालथी. मी आपला 'नाही', 'नाही' लिहीत सुटलो.

आमच्या घरी आईनं मला भिंतीतली भेग दाखवली. हात जाईल एवढी. मी म्हणालो, काळी माती दर उन्हाळ्यात फाटते, तिच्यासंगं भिंतीही फाटतात, त्यात नवल ते काय! आई चिडली. चौदा एप्रिलच्या जयंतीला तिनं तीच भिंत पांढऱ्या मातीनं पोतारली होती. तेव्हा तिथं बारीक चीरसुद्धा नव्हती.

"काही पडलं न्हाई म्हून लिवून राह्यला? पडायला होतं काय आपल्याकडं? ही भेग लिव."

नाही लिहिली. आता लपवून काय करू? गुरुजीनं आपल्याच लोकांच्या बाजूनं लिहिलं, असं वरच्या गावानं म्हणू नये, ही मला धास्ती. मी कसा सरळ माणूस, हा तोरा. जळो मेला तो तोरा.

जीपवाले साहेब परत आले. फॉर्म चाळताना त्यांच्या कपाळाला आठी पडली. मऊ माती मुरमापेक्षा जास्त हलायला पाहिजे, म्हणाले, इथं तर उलटंच दिसतंय.

"गुरुजी, खालचं बराबर भरलंय ना?"

"बिलकुल बराबर, साहेब."

दिवाळीच्या आधी अर्जाचं उत्तर आलं. वाचायला मलाच बोलावलं. सगळी वस्ती समोर बसलेली. खालच्या भागात हादरा सौम्य असल्याचे स्थानिक शिक्षकांनी कळविले आहे, सबब जागा बदलण्याचे कारण दिसत नाही. वाचून झालं, मी कागदाची घडी घातली. आधी एक म्हातारा उठला, मंग एकेक करून सगळे गेले.

आई तेवढी बसून राहिली. मी तिला सगळं सांगून टाकलं, साहेबांनी पुन्हा विचारलं होतं तेही. वाटलं, आता ही शिव्या घालील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आमाला कोन इचारतंय कधी," ती हळू म्हणाली. "तुला तर इचारलं होतं."