वाकलेलं बोट

"अहो मामी, हे तुम्हाला लिहायचंच नाही. तुम्ही नुसतं उघडा, मिटायचं काम ते आपणहून करतं. हे बघा."

भाचीनं एक बटण दाबलं, आणि पडद्यावर उघड्या कंसाशेजारी बंद कंस येऊन उभा राहिला, न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा.

"अगं बाई, हा कुठून उपटला?"

"एडिटरच टाकतो. म्हणजे विसरायची भानगडच नको."

"काय विसरायचं ते माझं मी बघीन की. याला कुणी सांगितलं होतं मध्ये तोंड घालायला?"

भाची खो खो हसली. खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसलेले मामा मात्र हसले नाहीत. ते उठले, भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघरात गेले आणि मटार सोलायला बसले. मटार काही आजच्या स्वयंपाकाला नको होता. मामींनी शेंगा फुटल्याचा आवाज ऐकला आणि त्यांचा हात कीबोर्डवर थबकला.

हे सगळं झालं ते जुन्या कॉम्प्युटरपायी. मशीन धडधाकट होतं, पण त्याची सिस्टीम म्हातारी झाली होती. रोज सकाळी उघडलं की "आता आमचा भरवसा धरू नका" अशी पाटी लावायची. भाचीनं तिला निरोप दिला आणि लिनक्स बसवलं. मशीन हलकं झालं, जरा तुरुतुरु पळायलाही लागलं. पण मामी दुकानदारांच्या वेबसाइट ज्या एडिटरात लिहायच्या, तो काही नव्या घरात नांदायला येईना. आता सगळी हत्यारं नव्यानं जमवणं आलं.

बाकीचं भराभर जमलं. ब्राउझर दोन घेतले, कारण एकात सरळ दिसणारं पान दुसऱ्यात तिरकं होतं हे मामींना ठाऊक होतं. फोटो लहान करायचं मिळालं. फायली सर्व्हरवर चढवायचं जुनंच साधन या सिस्टीमवरही निघालं, तेव्हा तर परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं. घोडं अडलं ते एडिटरपाशी. पहिला भाचीच्या ऑफिसात सगळे वापरतात तो. तो उघडला की मशीनचा पंखा गिरणीसारखा घुमायचा. नाकापेक्षा मोती जड. दुसरा नुसता काळा पडदा. त्यात शिरता आलं, पण बाहेर कसं पडायचं ते कळेना. शेवटी मामींनी कॉम्प्युटरचंच बटण दाबलं. तिसरा हा. हलका, नीटस, अक्षर मोठं करू देणारा. यात खोट काढायला जागाच नव्हती, एवढा एक आगाऊपणा सोडला तर.

पण तो आगाऊपणा नेमका मामांच्या खुर्चीवर येऊन बसत होता.

दोघं एकाच छापखान्यातली. मामी अक्षरांचे खिळे जुळवायच्या, मामा प्रुफं वाचायचे. शिशाच्या खिळ्यांची ती लाकडी पेटी, प्रत्येक अक्षराला आपापला कप्पा, आणि खिळे धुवायच्या घासलेटाचा वास असा की घरी जाऊन दोनदा साबण लावला तरी जेवताना हाताला येणार. पेटीत कंसाचे खिळे मोजकेच असायचे. जुळवताना एखादा उघडा कंस बिनजोडीचा राहिला की सगळी ओळ सोडवून पुन्हा बांधायची, आणि तोवर मशीनवाला दारात उभा राहून आईबापाचा उद्धार करणार. म्हणून मामांनी एक रीत काढली होती. कुणीतरी मजकूर मोठ्यानं वाचायचा, आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. कंस उघडला की एक बोट वाकवायचं, मिटला की सरळ करायचं. शेवटी बोट वाकलेलं राहिलं, तर चूक आहेच.

"बसलाय बघ पाद्री, जप करत," असं मशीनवाला म्हणायचा. पण बोट वाकलेलं दिसलं की शिव्या गिळून गुमान परत जायचा. त्या वाचण्याऐकण्यातच दोघांचं जमलं. मामी एकदा मुद्दाम कंस खाऊन वाचत होत्या, तर मामांनी डोळे न उघडता वाकलेलं बोट त्यांच्यासमोर धरलं. झालं, तेवढ्यावर लग्न.

पुढं छापखाना बंद पडला. खिळे भंगारात वजनावर गेले. शिशाला भाव होता, अक्षरांना नव्हता. मामी कॉम्प्युटर शिकल्या. वेबसाइटचं पान आतून बघितलं तेव्हा त्या घरभर हसत सुटल्या होत्या. "अहो, इथं तर कंसच कंस! मथळा काय, चौकट काय, सगळं कंसांनीच उघडायचं नि मिटायचं!" मामांनी त्यातलं ओ की ठो शिकून घेतलं नाही. पण खुर्ची ओढून बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "वाच."

मग डोळ्यांचा पडदा विरत गेला. आता मामांना समोरच्याचा चेहरा दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. पेपर सुटला, पत्ते सुटले. ऐकायला डोळे लागत नाहीत, म्हणून हे एक काम राहिलं. तेच आता मशीन करणार म्हटल्यावर माणसानं मटार नाही सोलायचे तर काय करायचं?

"मामी, हाच ठेवा," भाची पर्स उचलत म्हणाली. "खरंच चांगला आहे."

"चांगलाच आहे गं. कोण नाही म्हणतंय?"

भाची गेली. मामींनी चष्मा नाकावर चढवला आणि एडिटरच्या सेटिंगात शिरल्या. तिथं रंगांची यादी, अक्षरांची यादी, आणखी कसल्या कसल्या खिडक्या. हुडकत हुडकत एका चौकोनापाशी आल्या: कंस आपोआप मिटवा. शेजारी टिचभर बरोबरची खूण. मामींनी ती पुसली. उघडा कंस टाकून बघितला. तो एकटाच उभा राहिला, शहाण्यासारखा.

"अहो!" त्यांनी हाक मारली. "चष्मेवाल्याचं पान करायचंय. त्यानं दुकान हलवलंय, आणि गिऱ्हाइकं जुन्या दाराला धडका देतायत. आधीच दिसत नाही बिचाऱ्यांना."

आतून मटाराचा आवाज थांबला. "तुझं ते मशीन मिटवतं म्हणे सगळं."

"त्याला सांगितलं, तू तुझं बघ."

"का?"

"मला नाही आवडत कुणी मध्ये बोललेलं. तुम्हाला तरी कुठं बोलू देते?"

मामा हात पुसत बाहेर आले, वेताची खुर्ची पायानं चाचपून टेबलाजवळ ओढली आणि बसले. दोन्ही हात मांडीवर पसरले. नखात हिरवी सालं अडकली होती.

"त्या पोरीला वाईट वाटेल," ते म्हणाले.

"तिला सांगतंय कोण?"

"मग वाच. आणि गडबडीनं नको वाचूस, बाई. तुझी गाडी उताराला लागली की थांबत नाही."

मामींनी नवा पत्ता घातला, नकाशाची खिडकी खाली सरकवली, आणि जुन्या सुरात वाचायला लागल्या. "चौकट उघडली. मथळा उघडला. दुकानाचं नाव. मथळा मिटला. परिच्छेद उघडला. बाजारपेठेच्या मागची गल्ली, पहिला मजला. परिच्छेद मिटला. आतली चौकट उघडली. नकाशा. चौकट मिटली. संपलं."

मामांचे डोळे मिटलेलेच होते. त्यांनी उजवा हात उचलून मामींच्या समोर धरला. करंगळी वाकलेली होती.

"छे! नीट बघून वाचलंय मी."

"मी नीट ऐकलंय."

मामी पडद्याकडे वाकल्या. खरंच, बाहेरची चौकट तशीच उघडी राहिली होती. पत्ता टाकताना तिचा शेवट त्यांनीच खोडला होता. त्यांनी तो परत लिहिला. एक एक बटण, बोटानं शोधून.

"मिटली?"

"मिटली."

करंगळी सरळ झाली. मामींनी फाईल चढवली, दोन्ही ब्राउझरात पान उघडून बघितलं आणि शिंप्याच्या वेबसाइटची फाईल पुढ्यात घेतली.

"पानाचं डोकं उघडलं," त्या म्हणाल्या, आणि मामांनी पुन्हा करंगळी वाकवली.