स्वतःच्याच दारावर टकटक

आत्या गेली आणि तिचं दोन खोल्यांचं घर बसचालक बाईंच्या नावावर झालं. घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून ते भाड्याने दिलेलं. शेवटचा भाडेकरू सोडून गेला आणि त्याच सुमारास बाईंच्या कमरेचं ऑपरेशन झालं. मग व्यायाम, मग डबल ड्युटी. "पुढच्या आठवड्यात जाऊन येते," म्हणता म्हणता वर्षं उलटली. शेवटी एका सुट्टीच्या सकाळी गेल्या, तर किल्ली लागेना. कुलूपच निराळं! खिडकीला नवे पडदे आणि आत रेडिओ चालू. शेजारणीने वर विचारलं, "कोण हवंय तुम्हाला?"

बाई तशाच माघारी फिरल्या.

धाकट्या दिराचं डोकंच फिरलं. "वहिनी, उद्याच चार माणसं नेतो. कुलूप तोडू, सामान रस्त्यावर. वीज-पाणी आधी बंद!"

बाई त्याला घेऊन एका वकीलबाईंकडे गेल्या, तर त्यांनी त्याला गप्प बसवलं. "असलं काही केलंत, तर उलट तुम्हीच गुन्हेगार ठराल. पण हातावर हात ठेवून बसूही नका. मालकाला न जुमानता कोणी उघडपणे, आपलंच घर म्हणून सलग राहिला आणि कायद्याची मुदत भरली, की मालकाचा हक्कच बुडतो. तुमची अजून भरलेली नाही, भरत आलीय. मी नोटीस काढते. तुम्ही जाऊन बोला, भांडू नका."

"रोज एवढी मोठी बस सांभाळते, आणि एक घर सांभाळता आलं नाही मला."

"घराला हॉर्न नसतो हो," वकीलबाई हसल्या.

या खेपेला बाईंनी दार ठोठावलं. दारात फरशी बसवणारा एक तरुण आडवा उभा राहिला. "घर माझं आहे. गळती मी काढली, ही पिवळी फरशी मी घातली. गप राहत गेलं की घर आपलं होतं, लोकच सांगतात."

मागून त्याची म्हातारी आई आली. "कसलं आपलं? मालकीण आली की भाडं ठरवू, असं तूच म्हणाला होतास ना? बसा हो बाई, घर तुमचंच आहे."

तरुणाची मान खाली गेली. "मागच्या घरातून एका रात्रीत बाहेर काढलं होतं आम्हाला. पुन्हा कोण देतंय घर?"

बाईंचा राग काही लगेच विरला नाही. पण त्या म्हणाल्या, "मी काढत नाही. मात्र घर माझं आहे, हे लिहून द्यायचं. मग भाडेकरू म्हणून खुशाल राहा."

त्याने बरेच दिवस घोळ घातला. नोटीस हातात पडली, आईने बोलणं टाकलं, तेव्हा कुठे वकीलबाईंकडे येऊन करारावर सही केली.

दीर अजून म्हणतो, "वहिनी, फार नरम वागलात." बाई मात्र आता दर महिन्याला तिकडे चक्कर मारतात, म्हातारीशी गप्पा छाटतात. परवा फरशीवाल्याने विचारलं, "न्हाणीघरातल्या फरश्या बदलू का?"

"बदल," बाई म्हणाल्या. "फक्त पिवळ्या नकोत."