धुवायची राहिलेली शिशी

ढिवराचा तुलाराम लाखनीले वासुदेवराव डॉक्टरांच्या दवाखान्यात रक्त तपासे. दिघोरीच्या तलावात जाळं टाकणाऱ्या घरातला तो पहिला मॅट्रिक. मी चंद्रभागाबाई, तिथंच आया. झाडणं-पुसणं अन् रक्ताच्या शिश्या धुणं हे माहं काम. शिश्या म्हणजे पेनिसिलिनच्या रिकाम्या. रक्त गोठू नये म्हणून आत पावडर, वर चिकटपट्टीवर पेशंटचं नाव. तारीख कोणी लिहीत नव्हतं. कायले लिहील? रोज संध्याकाळी मी धुऊनच टाकत होती ना.

तुलारामनं एकदा मले दुर्बिणीतून दाखवलं होतं. ताज्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी टपोऱ्या दिसतात, शिळ्यातल्या फुटून पसरतात. शिळं रक्त मी नजरेनं ओळखतो, म्हणे. मोठा तोरा होता लेकाले.

एकोणऐंशी साली त्याच्या बायकोच्या, जिजाच्या पायात मासळीचा काटा गेला. पाय सुजून टम्म झाला. डॉक्टर म्हणाले, पांढऱ्या पेशी वाढत गेल्या त नागपूरले हलवू. पहिल्या दिवशी चौदा हजार निघाल्या. दुसऱ्या दिवशी तुलारामनं मोजल्या, तितक्याच. म्हणून ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी तिले ट्रकमध्ये घालून नेऊन राहिले होते, भंडाऱ्याच्या अलीकडेच गेली.

रक्त ताजंच होतं, मीच मोजण्यात चुकलो, असं तुलाराम ज्याले त्याले सांगे. दवाखाना सोडला. नऊ वर्षं जाळंच टाकत राहिला. अन् मी त्याच्या त्या 'ताजंच होतं'वर निवांत झोपत होती. कारण पहिल्या दिवशी मी शिश्या धुतल्याच नव्हत्या. धानाचा रोवणा चालू होता, शेतातल्या बांध्या रोवायच्या होत्या, दुपारीच पळाली. दुसऱ्या दिवशी जिजाची कालची शिशी आजच्या शिशीजवळ तशीच उभी राहिली. पण शिळी उचलली असती त त्यानं ओळखली असती, असं मी मनाले सांगे.

अठ्ठ्याऐंशी साली डॉक्टर नागपूरहून काही नवीन ऐकून आले. तुलाराम मासळी द्यायले आला होता, त्याले बसवून सांगू लागले. अंगात सूज आली की अंग रक्तात काही रसायनं सोडते. त्यांचा निरोप पोचला की पांढऱ्या पेशी आपल्या वेळेवर मरत नाहीत, जास्त जगतात.

"शिशीतबी?" तुलारामनं विचारलं.

 डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटचं कालचं रक्त आज ताजं दिसू शकते.

डॉक्टर पेशंट पाहायले आत गेले. तुलाराम बाकावरून उठला नाही. मी ओलं फडकं धरून उभी. खरं सांगते, मले काहीच वाटून राहिलं नव्हतं. रडू नाही, भीती नाही. हात माहे नव्हतेच जसे.

"तुलारामभाऊ, त्या दिवशी शिश्या मी धुतल्या नव्हत्या. रोवण्याले गेली होती."

त्यानं मान वर केली नाही. तसंच विचारलं, "किती बांध्या रोवल्या?"

"चार," मी म्हटलं.