ग्लेनिसचे गप्प दिवस

रॉइस ट्रेम्बाथ मुळातच कमी बोलणारा. उभी हयात टेलिफोनच्या खांबांवर चढून काढली, लोकांचं बोलणं या गावाहून त्या गावाला पोचवलं, आणि स्वतःवर बोलायची वेळ आली की म्हणायचा, "ग्लेनिसला विचारा." ग्लेनिस त्याची बायको. दोघांच्या वाटचं तीच बोलायची. आमच्या वॉलरू बंदराच्या धक्क्यावर खेकडे धरायला बसली, की ट्रेम्बाथांच्या घरात काय शिजतंय ते धक्क्याच्या पार टोकाला कळायचं. मग तिला तो आजार झाला, ज्यात अंगातले स्नायू एकेक करून काम सोडतात. आधी पाय गेले, मग हात, मग जीभ. डोकं मात्र शाबूत, उलट होतं त्याहून तिखट. आता उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं.

त्या एका बोटावर रॉइसने तिचं बोलणं पुन्हा उभं केलं होतं. आमच्या गावात निवृत्त बाप्यांची एक शेड आहे. घरात बायकांच्या पायात पायात करण्यापेक्षा हे लोक तिथे जमतात, मोडक्या खुर्च्या सांधतात, आणि लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर लिनक्स नावाची फुकटातली प्रणाली घालून चालते करतात. त्यातलाच एक रॉइसने घरी आणला. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळायच्या. हवी ती ओळ आली की ग्लेनिस बोटाखालचं बटण दाबायची, मग त्या ओळीतलं हवं ते अक्षर आलं की पुन्हा दाबायची. वाक्य पुरं झालं की कॉम्प्युटर ते बोलून दाखवायचा. आवाज सपाट, ना बाईचा ना बाप्याचा. पण त्याच आवाजात तिने शेजाऱ्याच्या कुत्र्याला शिव्या दिल्या होत्या, मुलीला जावयाबद्दल सुनावलं होतं आणि रॉइसला रोज सूप अळणी झाल्याचं सांगितलं होतं.

इथवर ठीक होतं. मग छातीचे स्नायूही थकायला लागले. डॉक्टर विजेरत्नेबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं, "गळ्याला भोक पाडून नळी घालता येईल. मशिनवर श्वास चालेल, कदाचित बरीच वर्षं. नको असेल तर तेही चालेल, त्रास होऊ नये एवढं मी बघेन. गुरुवारी घरी येते. काय ते ग्लेनिसने सांगायचं, तिच्या शब्दांत. रॉइस, तुम्ही नाही."

रॉइसने मान हलवली. त्याला नळी हवी होती. ग्लेनिसला काय हवं ते त्याने विचारलं नाही. ती त्या विषयावर लिहायला लागली, पडद्यावर पहिली दोन-तीन अक्षरं उमटली, की हा उठून किटली लावायचा. किटलीच्या आवाजात कॉम्प्युटरचं बोलणं ऐकू येत नाही. दिवसाला इतका चहा त्या घरात यापूर्वी कधी झाला नव्हता, आणि त्यातला निम्मा मोरीत ओतला जायचा.

रविवारी सकाळी त्याच्या मनाने घेतलं की हा सपाट आवाज बदलायचा. इंटरनेटवर एक नवा आवाज मिळाला होता, मऊ, बाईचा, आमच्या भागातल्याच माणसासारखा बोलणारा. गुरुवारी डॉक्टरांशी ती चांगल्या आवाजात बोलेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. पण त्या आवाजाला नव्या लायब्रऱ्या लागत होत्या. लायब्ररी म्हणजे कॉम्प्युटरमधल्या सगळ्या प्रोग्रॅमांनी सामाईक वापरायची हत्यारं. शेडच्या भिंतीवर नट आवळायचे पाने टांगलेले असतात ना, तसंच. कुणीही यावं, हवा तो पाना काढावा, काम करावं. रॉइसने काय केलं, तर एका नव्या पाहुण्यासाठी भिंतीवरचे जुने इंची पाने उतरवले आणि मिलिमीटरचे टांगले. पाहुणा खूश, पण बाकी सगळ्यांचे नट इंची. अपडेट निम्म्यावर आल्यावर तंटा सुरू झाला, याला नवी लायब्ररी हवी, त्याला जुनी, दोन्ही एका जागी राहीनात. रॉइसने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काळा पडदा आला, कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत राहिली. करायला गेला गणपती अन् झाला मारुती.

"होईल गं," तो ग्लेनिसला म्हणाला. तिने एकदा पापणी मिटली. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आता तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

आणि इथे एक गोष्ट झाली, ती सांगायला मला बरं वाटत नाही, पण खरं ते खरं. घर शांत झालं आणि रॉइसला हलकं वाटलं. तो विचारायचा, "उशी वर करू?" हो. "खिडकी लावू?" नाही. "सूप?" हो. जे विचारलं त्याचं उत्तर मिळत होतं, आणि काय विचारायचं ते त्याच्या हातात होतं. डोळ्यांनी अक्षरं दाखवायचा एक पुठ्ठा होता, तो त्याने फ्रिजवर ठेवून दिला. तिला थकवा येतो म्हणून, असं त्याने घरी येणाऱ्या नर्सला सांगितलं. त्याला वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा होतो, तसा तो आतून झाला होता. जेवायचा, पण काय जेवला ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

सोमवारी दुपारी तो काळ्या पडद्यासमोर बसला. मागे खुर्चीत ग्लेनिस होती, काचेत तिचा चेहरा दिसत होता. त्याने कीबोर्डवरून आज्ञा देऊन चुकांची नोंद उघडली आणि ओळीमागून ओळ वाचत गेला. सगळ्या तक्रारी फिरून फिरून दोन लायब्रऱ्यांवर येत होत्या. नव्या आवाजाबरोबर आलेल्या त्या दोघींना काढायचं, जुन्या होत्या त्या बसवायच्या, झालं. कॉम्प्युटरच्या साठवणीत जुन्या अजून पडलेल्याही होत्या. रॉइसने हातातली पेन्सिल कानामागे खोचली. खांबावर असल्यापासूनची सवय ती, बिघाड सापडला की पेन्सिल कानामागे. त्याने आज्ञा लिहिली. एन्टर दाबायचं तेवढं उरलं होतं. मग काचेतल्या चेहऱ्याकडे त्याचं लक्ष गेलं. त्याने लिहिलेलं अक्षर अक्षर पुसलं, मशिन बंद केलं आणि किटली लावली.

मंगळवारी त्याने कॉम्प्युटरचं झाकण काढून पंख्यातली धूळ साफ केली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. धुळीचा या दुखण्याशी काडीचा संबंध नव्हता, आणि हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

बुधवारी सकाळी शेडमधला ऍथॉल क्रूगर दारात उभा. लांबचलांब माणूस, शेंगदाण्याएवढं डोकं आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. काखेत एक कॉम्प्युटर मारला होता.

"रविवारपासून पडलाय म्हणे तुझा डबा," तो आत येत म्हणाला. "काय करतोयस काय? आरती ओवाळतोयस?"

"लायब्रऱ्यांची मारामारी आहे. वेळ लागतो."

"पुसून टाक ना लेका. सगळं पुसायचं, नव्याने घालायचं, अर्ध्या तासात बाहेर."

"पुसत नसतो मी. नीट करतो."

याच्यामागे शेडचा एक कायदा आहे. तिथे कॉम्प्युटर पुसून नव्याने भरणं म्हणजे हरणं. जो पुसेल त्याने सगळ्यांना पास्ट्या खायला घालायच्या, बेकरीतल्या त्या मटण-बटाट्याच्या पोटभर करंज्या. रॉइसने इतक्या वर्षांत एकदाही घातल्या नव्हत्या, आणि त्याची त्याला घमेंड होती.

"पास्ट्या घालाव्या लागतील म्हणून बायकोला मुकी ठेवतोस होय रे?" ऍथॉल हसत म्हणाला. "चिंगूस मेला. अरे, पुसूही नकोस. हा घे, भरून आणलाय. तिचं बटण याला जोडतो, माझ्या नावावर मांड त्या पास्ट्या."

"नको. राहू दे."

"का पण?"

रॉइस किटलीकडे वळला. ऍथॉलने त्याच्या पाठीकडे बघितलं. मग त्याने कॉम्प्युटर टेबलावर ठेवला, ग्लेनिसच्या खुर्चीसमोर गुडघ्यावर बसला, आणि त्या बडबड्या माणसाने जन्मात पहिल्यांदा आवाज खाली आणून विचारलं, "ग्लेन, तुला बोलायचंय?"

तिने डोळे मिटले. एकदाच, आणि बराच वेळ उघडले नाहीत.

रविवारपासून हा प्रश्न तिला कुणी केला नव्हता. खिडकीचं विचारलं, उशीचं विचारलं. रॉइसच्या हातात किटली होती, ती त्याने पाणी न भरताच खाली ठेवली. "थांब ऍथॉल," तो म्हणाला. "तुझं मशिन नको. दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटांचं?"

ऍथॉल उठला. वेडा नव्हता तो, गुरुवारी डॉक्टर येणार हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्याने आपला कॉम्प्युटर पुन्हा काखेत मारला. "बेकरीत जाऊन येतो," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

रॉइस काळ्या पडद्यासमोर बसला. सोमवारी पुसलेली आज्ञा त्याने परत लिहिली, एकदाही न अडखळता. एन्टर दाबलं. ओळी सरकत गेल्या, एक जुनी लायब्ररी परत आली, दुसरी आली, तंटा करणारे एकेक करून गप्प झाले. आता छातीत काहीतरी व्हायला हवं, असं त्याला वाटलं. काही झालं नाही. त्याने मशिन पुन्हा चालू केलं. निळा पडदा आला, मग अक्षरांच्या ओळी. त्याने बटण तिच्या बोटाखाली सरकवलं.

"नवा आवाज काही जमला नाही गं," तो म्हणाला. "जुनाच आहे."

ओळी उजळत राहिल्या. बोट हळूहळू दाबत होतं, आधीपेक्षाही हळू. शेवटी तो सपाट आवाज बोलला, "जुनाच माझा आहे. आणि ऍथॉलने दार उघडं टाकलंय. माश्या येतायत."

रॉइस उठला, दार लावून परत आला. पुढचं वाक्य तोवर अर्धं झालं होतं. सवयीने त्याचा हात किटलीकडे गेला. मग त्याने तो मागे घेतला आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला.

"सोमवारी पेन्सिल कानामागे गेली होती," आवाज म्हणाला.

रॉइस म्हणाला, "हो."

"काचेत दिसली मला."

"चूक झाली माझी, ग्लेन."

बोट थांबलं. मग पुन्हा दाबायला लागलं. हे वाक्य मोठं होतं. बाहेर कुणाचीतरी गाडी धक्क्याकडे गेली, मागे बांधलेल्या बादल्यांचा खडखडाट झाला. आज ओहोटीला खेकडे चांगले मिळणार होते. रॉइस एकेक अक्षर बघत होता, शब्द कुठे चाललाय ते आधीच कळत होतं, तरी तो जागचा हलला नाही.

"तुला थोडे दिवस हवे होते. मी दिले. आता पुरे. नळी नको, रॉइस."

"बरं," तो म्हणाला. सुई उतरायला लागली की गाल ठणकतो, तसं आता आत कुठेतरी ठणकायला लागलं होतं.

"उद्या मी सांगणार. तू शेजारी बसायचं."

"बसतो."

"किटली लावायची नाही."

तिचा डोळा लागल्यावर रॉइसने शेवटचं एक काम केलं. त्या दोन जुन्या लायब्रऱ्यांना कुलूप घातलं, यापुढे कुठलंही अपडेट आलं तरी त्या जागच्या हलू नयेत म्हणून. कॉम्प्युटरने मान्य केलं. दुपारी ऍथॉल पास्ट्या घेऊन आला, आणि दोघांनी मागच्या पायरीवर बसून काही न बोलता खाल्ल्या.

गुरुवारी डॉक्टर विजेरत्नेबाई आल्या, तासभर बसल्या. चहा कुणालाच मिळाला नाही.